विनोद आणि वाक्संयम : सातारा-सांगली परिसरातील मराठी ख्रिस्ती परंपरेचा एक विचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आजवर बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग धर्मप्रसाराचे, म्हणजे मिशनांच्या स्थापनेचे, शाळा, छापखाने व नियतकालिके यांच्या कार्याचे. दुसरे अंग काव्याचे, म्हणजे फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील 'क्रिस्तपुराणा'पासून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या भक्तिगीतांपर्यंत चालत आलेल्या रचनेचे. या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. वाणी पवित्र राखावी, व्यर्थ बोलू नये, असा ज्या धर्माचा कडक आदेश आहे, त्या धर्माच्या मराठी अनुयायांनी विनोदाचे काय केले? त्यांनी तो वर्ज्य मानला, शस्त्र म्हणून वापरला, की त्याला शिस्त लावून आपल्या धर्मजीवनात सामावून घेतले?

या प्रश्नाचा विचार सातारा व सांगली या परिसराच्या अनुषंगाने करण्यास सबळ कारण आहे. सध्याचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' या नावानेच ओळखला जात होता. परंतु एकोणिसाव्या शतकात या दोन नगरांची राजकीय स्थिती भिन्न होती. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन तेथे इंग्रजी अंमल सुरू झाला. सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान म्हणून १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकून राहिली. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे, तर कोल्हापूर, सांगली व मिरज या बाजूस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य चालले. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय हे त्याच कार्याचे सर्वांत प्रसिद्ध फळ होय. याच परिसरात मराठी रंगभूमीचा विदूषक जन्मास आला, याच परिसरात समर्थ रामदासांची वाणी घडली, आणि टिळकांच्या आयुष्याचा अखेरचा प्रयोगही साताऱ्यासच झाला. वाणीविषयीच्या तीन निरनिराळ्या धारणा येथे एकमेकींशेजारी नांदल्या, असे म्हणता येईल.

२

प्रथम ख्रिस्ती शास्त्रातील भूमिकेचा परामर्श घेणे अवश्य आहे. ती वरवर दिसते तितकी एकसुरी नाही. नव्या करारात प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात अमंगळ भाषण व मूर्खपणाची बडबड यांच्या जोडीस टवाळीही निषिद्ध ठरवतो. याकोबाच्या पत्रात जिभेस लहानशा ठिणगीची उपमा दिली आहे; मोठे रान पेटवण्यास ती ठिणगी पुरेशी होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात माणसाला आपल्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल, अशी ताकीद आहे. एवढेच पाहिले तर ख्रिस्ती धर्म हास्याचा वैरी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. आणि चौथ्या शतकातील प्रसिद्ध वक्ता क्रिसोस्तोम याच्यासारख्या धर्मपित्यांनी तसा कडक उपदेश केलेलाही आहे.

परंतु त्याच शास्त्रात दुसरी बाजूही आहे. अब्राहामाची वृद्ध पत्नी सारा पुत्राचे वचन ऐकून हसते, आणि जन्मलेल्या मुलाचे इसहाक हे नावच हास्यावरून पडते. अविश्वासाचे हसू शेवटी आनंदाचे होते, ही त्या कथेची खूण होय. उपदेशकाच्या ग्रंथात रडण्याच्या समयाबरोबर हसण्याचाही समय सांगितला आहे. नीतिसूत्रांत आनंदी मनास औषधाची उपमा आहे, पण शेजाऱ्यास फसवून नंतर 'मी थट्टा केली' असे म्हणणाऱ्याची तुलना आग फेकणाऱ्या वेड्याशी केली आहे. स्वतः येशूच्या वाणीतही अतिशयोक्तीचा विनोद आहे. चिलट गाळून काढून उंट गिळणारे शास्त्री, किंवा स्वतःच्या डोळ्यात मुसळ असता भावाच्या डोळ्यातील कुसळ काढू पाहणारा माणूस, ही चित्रे श्रोत्यांना हसवल्याशिवाय बोध करीत नाहीत.

पौलाने टवाळीसाठी जो ग्रीक शब्द वापरला, तो 'यूट्रापेलिया' होय. आणि त्याचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हाच शब्द सद्गुणाचे नाव म्हणून योजला होता. विदूषकी चाळे आणि रुक्ष गावंढळपणा या दोन टोकांमधील जे सुसंस्कृत हजरजबाबीपण, ते त्याला अभिप्रेत होते. पौलाच्या काळापर्यंत त्या शब्दास हीन छटा चिकटली होती. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने ॲरिस्टॉटलच्या अर्थाचे पुनरुज्जीवन करून, मनाच्या विश्रांतीसाठी मर्यादित विनोद हा सद्गुणच आहे, असे प्रतिपादन केले. तात्पर्य, ख्रिस्ती विचारात विनोद करावा की न करावा हा खरा प्रश्न नाही. विनोद कोणावर, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने करावा, हा खरा प्रश्न आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बोलणे कृपायुक्त व मिठाने रुचकर असावे, असे जे म्हटले आहे, त्यातील मीठ म्हणजे हा विवेक होय.

३

हा धर्मविचार सातारा-सांगलीकडे आला, तेव्हा तेथील भूमी वाणीच्या विचारास अपरिचित नव्हती. चाफळ व सज्जनगड येथे ज्यांचे वास्तव्य झाले, त्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त वाणीच्या शिस्तीस मोठे स्थान दिले आहे. विनोदाची आवड ही टवाळांची आवड होय, असा त्यांचा निर्वाळा महाराष्ट्रात म्हणीसारखा रूढ झाला. मात्र याच ग्रंथातील मूर्खलक्षणांचे व पढतमूर्खाचे वर्णन वाचताना हसू आवरत नाही, हेही तितकेच खरे आहे. समर्थांचा निषेध रिकाम्या थट्टेला आहे. दोष दाखवणाऱ्या उपरोधाला नाही. पौलाचे वचन आणि समर्थांचे वचन यांत असलेले हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. ज्या ज्या ठिकाणी वाणी ही साधना मानली गेली, त्या त्या ठिकाणी हाच भेद करावा लागला आहे.

सांगलीची परंपरा याहून निराळी. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या नाटकांतील सूत्रधाराबरोबर येणारा विदूषक पवित्र कथेच्या प्रारंभीच हशा पिकवी, आणि त्यात कोणास अधर्म वाटत नसे. गणपती-सरस्वतीचे आवाहन आणि विदूषकाची बाष्कळ बडबड एकाच रंगमंचावर नांदत होती. देवाच्या सन्निध हसता येते, ही लोकांची सहज श्रद्धा होती. कीर्तनात आणि एकनाथांच्या भारुडातही तिचाच प्रत्यय येतो.

परंतु वाणीच्या संयमाचा आणखी एक प्रकार या खेड्यापाड्यांत प्रचलित होता, आणि तो धर्माने नव्हे, जातीने लादलेला होता. गावगाड्यातील महार 'जोहार मायबाप' म्हणून नमस्कार करी. उच्चवर्णीयांसमोर त्याचा स्वर, त्याचे अंतर, त्याचे शब्द, सारे ठरलेले होते. त्याने थट्टा करणे हा उद्धटपणा ठरे. त्याची थट्टा होणे हा मात्र नित्यक्रम होता. दोन्ही मिशनांच्या मंडळ्यांत ज्यांचा भरणा अधिक होता, ते बहुतांशी महार व मांग समाजातून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने 'जपून बोलणे' हा आध्यात्मिक उपदेश होण्याआधी रोजच्या जगण्याची सक्ती होती. ख्रिस्ती वाक्संयमाचा विचार करताना हा भेद दृष्टीआड करून चालणार नाही. भीतीने आवरलेली जीभ आणि विवेकाने आवरलेली जीभ बाहेरून सारखीच दिसते. परंतु पहिली दास्याची खूण आहे, दुसरी स्वातंत्र्याची. मराठी ख्रिस्ती समाजात परस्परांस 'सलाम' म्हणण्याची जी रीत पडली, ती दिसावयास लहान, परंतु या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एकाने वाकावे व दुसऱ्याने ते स्वीकारावे, असे तिचे स्वरूप नाही. दोघेही तोच शब्द उच्चारतात.

४

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीतील धर्मवादाने मात्र विनोदाचा वापर मुख्यतः शस्त्रासारखा केला. मुंबईत १८३१ मध्ये मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांच्या वादापासून ही रीत दिसू लागते. पुराणांतील कथांतील विसंगती दाखवून देवदेवतांचा उपहास करणे हे त्या वेळच्या मिशनरी पुस्तिकांचे एक ठराविक साधन होते. १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'च्या आरंभीच्या काळातही खंडनाचा सूर प्रबळ होता. कर्मेल पर्वतावर बआलाच्या पुरोहितांची एलीयाने केलेली थट्टा हा या उपहासाचा शास्त्राधार म्हणून पुढे करता येण्यासारखा होता. परंतु एलीया आपल्याच लोकांशी, आपल्याच भाषेत, आपल्याच राजाच्या सत्तेविरुद्ध बोलत होता, ही गोष्ट नजरेआड होत असे. राज्यकर्त्यांच्या धर्माच्या प्रतिनिधीने जितांच्या दैवतांना हसणे याचा अर्थ निराळा होतो. विनोदाच्या पाठीशी सत्तेचे बळ उभे राहिले की त्याची धार वाढते आणि त्याची रुची नष्ट होते.

उलट पक्षही मागे राहिला नाही. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी महाराष्ट्रातील अनेक गावी व्याख्याने देत मुंबई गाठली, आणि १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. या वादांचा वृत्तान्त मिशनरी जॉर्ज बोएन यांनी प्रसिद्ध केला. मोठा समुदाय जमे, आणि हजरजबाबी उत्तरास हशा व टाळ्यांची दाद मिळे. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने (१८७४ ते १८८१) मिशनरी व सुधारक यांचा उपहास वाङ्मयीन उंचीवर नेला. तेव्हा उपहास हे एका पक्षाचे पाप नव्हते. ती त्या काळच्या सार्वजनिक मराठीची सर्वसामान्य भाषाच होती. या भाषेचा खरा बळी ठरला तो मध्ये सापडलेला धर्मांतरित माणूस. त्याने सोडलेल्या धर्माचे लोक त्याला 'बाटगा' म्हणून हिणवत, आणि त्याने स्वीकारलेल्या धर्माच्या पुस्तिका त्याच्या आईबापांच्या देवांना हसत. दोन्ही हशांत त्याचा अपमान होता.

१८५७ मध्येच प्रसिद्ध झालेले बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' या दृष्टीने लक्षणीय आहे. विधवांच्या स्थितीचे वर्णन करताना त्यांनी उपहासापेक्षा करुणेचा मार्ग पत्करला. 'अरुणोदय' या आत्मचरित्रातही आपल्या बालपणीच्या धर्माचरणाचे त्यांनी तपशीलवार वर्णन केले आहे. परंतु पदमनजींची वाणी गंभीर आहे. संयम तेथे आहे. हास्य क्वचितच आहे. उपहास टाकला की हसूही टाकावे लागते, असे जणू त्या पिढीस वाटत होते.

५

ही कोंडी फुटण्यास आरंभ झाला तो कीर्तनाच्या वाटेने. अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. कीर्तन हा प्रकारच असा की त्यात पूर्वरंगाचे गांभीर्य आणि उत्तररंगाच्या आख्यानातील खुसखुशीतपणा यांची सांगड घालावी लागते. परकीय धाटणीच्या प्रवचनात ज्या हास्यास जागा नव्हती, ती कीर्तनाने मिळवून दिली. श्रोत्यांना हसवणारा कीर्तनकार त्यांच्यातलाच असतो; त्याचे हसू वरून खाली पडत नाही.

नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांशी असलेले आपले ऋण त्यांनी कधीही नाकारले नाही. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यांच्या हातून मराठी ख्रिस्ती वाणीत जो पालट झाला, त्याचे वर्णन 'खंडनाकडून निवेदनाकडे' असे करता येईल. हिंदू संतांना तुच्छ लेखल्यावाचून ख्रिस्ताची थोरवी गाता येते, ही गोष्ट त्यांनी उपदेशाने नव्हे तर रचनेने सिद्ध केली. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही त्यांच्या गीतांचा मोठा वाटा आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त ज्यात बंधुभावाने एकत्र येतील, असा हा संघ त्यांना अभिप्रेत होता. या कल्पनेचा वाणीशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. ज्या सभेत निरनिराळ्या घरांतून आलेली माणसे समान आसनावर बसावयाची आहेत, तेथे कोणाच्याही पूर्वश्रद्धेचा उपहास करून चालत नाही. आणि कोणास वाकून बोलावयासही लावता येत नाही. 'दरबार' हा शब्द साताऱ्याने छत्रपतींच्या काळापासून ऐकलेला. तो टिळकांनी उचलला, परंतु त्यातील राजा एक आणि बाकी सारे भाऊ, अशी त्याची पुनर्घटना केली. ज्या वाक्संयमाची मागणी पूर्वी जातीने केली होती, तीच येथे प्रेमाने करावयाची होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे मुंबईस निधन झाले, आणि हा प्रयोग मूळ धरण्यापूर्वीच ओसरला. संस्था म्हणून त्याचे यश अल्प. वाणीचा आदर्श म्हणून मात्र त्याची दखल घ्यावीच लागते.

६

या आदर्शास हास्याची जोड मिळाली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८ ते १९३६) 'स्मृतिचित्रे'मध्ये. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत श्रेष्ठ मानला जातो. त्यातील विनोदाची वाखाणणी पुष्कळांनी केली. परंतु तो विनोद ख्रिस्ती वाक्संयमाच्या विचाराशी कसा जुळतो, हे पाहणे येथे प्रस्तुत आहे.

त्यांच्या विनोदाची तीन लक्षणे सांगता येतील. पहिले असे की, त्याचे प्रमुख लक्ष्य स्वतः लेखिका आहे. आपले अज्ञान, आपली फजिती, आपला हट्ट या गोष्टी त्या इतक्या मोकळेपणाने सांगतात की वाचक त्यांना हसण्याऐवजी त्यांच्याबरोबर हसू लागतो. डोळ्यातील मुसळ प्रथम काढावे, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त येथे शैलीच झाला आहे.

दुसरे लक्षण असे की, त्यांच्या हास्यात कारणाची जाणीव आहे. वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन हा या ग्रंथातील अत्यंत विनोदी भाग. खंडनकाराच्या हाती हाच मजकूर पडता तर हिंदू आचाराच्या उपहासाची ती पर्वणीच ठरली असती. परंतु लक्ष्मीबाई या सोवळ्याचे मूळ १८५७ च्या धामधुमीत आप्तावर ओढवलेल्या फाशीच्या प्रसंगाशी नेऊन भिडवतात. त्यामुळे वाचक हसतो, पण ज्याला हसतो त्याचे दुःखही त्याला कळते. या हास्यात माणूस लहान होत नाही.

तिसरे लक्षण निःपक्षपातीपणाचे. धर्मांतरापूर्वीचे घर आणि नंतरचे घर यांत त्या भेद करीत नाहीत. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा तापट स्वभाव, हातचे देऊन टाकण्याची सवय, त्यातून होणारी संसाराची ओढाताण, हे सारे ख्रिस्ती घरातील चित्र त्याच मिस्कीलपणाने रेखाटले आहे. पतीचे नावही न उच्चारण्याचा ज्या समाजात दंडक, त्यात वाढलेली स्त्री ग्रंथभर 'टिळक' असा उल्लेख करीत त्यांच्या चुका सांगते, आणि तरीही त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही ढळू देत नाही. लादलेला संयम टाकून स्वेच्छेचा संयम पत्करणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पतीने धर्मांतर केल्यानंतर काही वर्षे विरह, लोकनिंदा व मनस्ताप सोसून १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दोन्ही बाजूंच्या हशाची झळ त्यांना लागलेली होती. त्या झळीचे उत्तर त्यांनी प्रतिटोल्याने दिले नाही.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, टिळक दांपत्याची ही वाणी त्यांच्या स्वभावाचा व ब्राह्मणी विद्यापरंपरेचा परिणाम आहे. तिला ख्रिस्ती म्हणण्याचे कारण नाही. यात तथ्यांश आहे. परंतु त्याच परंपरेतून 'निबंधमाले'चा उपहासही जन्मला, हे विसरता येत नाही. विद्येने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. त्यांतील एकीची निवड ज्या कारणाने झाली, ते कारण विद्येपलीकडचे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सातारा-सांगलीकडील मंडळ्यांत ज्यांची संख्या मोठी, त्या दलित ख्रिस्ती स्त्री-पुरुषांचे हास्य या ग्रंथांत कितपत उमटले आहे? त्यांची थट्टामस्करी, त्यांच्या ओव्या, गावच्या पाटलास उद्देशून घरात होणारे त्यांचे विनोद, हे मुख्यतः मौखिकच राहिले. मिशनच्या अहवालांत त्यांच्या धर्मनिष्ठेची नोंद आढळते. त्यांच्या हसण्याची नोंद घेण्याचे कारण अहवाल लिहिणाऱ्यास वाटले नाही. हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. तो मान्य करूनच पुढील संशोधनाची दिशा ठरवावी लागेल. जुन्या मंडळ्यांतील कीर्तने, नाताळची गाणी, रविवारच्या शाळांतील संवाद आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या संग्रहाचे काम अद्याप हाती घेण्याजोगे आहे, आणि दिवसेंदिवस ते अवघड होत जाणार आहे.

तथापि उपलब्ध साधनांवरून एवढा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नाही. मराठी ख्रिस्ती परंपरेने शंभर वर्षांच्या अवधीत विनोदाविषयीच्या तीन भूमिका अनुभवल्या : परधर्मावर फेकलेला उपहास, उपहास टाळण्यासाठी पत्करलेले गांभीर्य, आणि स्वतःपासून आरंभ करणारे सहृदय हास्य. यांतील तिसरी भूमिका शास्त्राशी सर्वांत अधिक सुसंगत आणि मराठी मनास सर्वांत अधिक जवळची ठरली. तिने समर्थांची शिस्त मोडली नाही, आणि सांगलीच्या विदूषकाला हाकलूनही दिले नाही. जिभेला लगाम हवा, हे तिने मान्य केले. परंतु तो लगाम दुसऱ्याच्या हाती न देता स्वतःच्या हाती ठेवला.